रक्ताचें नातें

‘रक्ताचें नातें’ हा शब्दप्रयोग आपण नित्य करतों. परंतु सख्ख्या भावाचें रक्तहि कधीं भावास मानवत नाहीं आणि सर्वस्वीं परक्याचें मानवतें, हें कळावयास मनुष्यजातीस फार काळ लागला. १६६७ सालीं पॅरिस येथें डेनी नामक वैद्यानें कोंकराचें रक्त एका मुलाच्या शिरेंत घातलें. मुलगा वांचला, पण पुढें दुसरा एक रोगी दगावला, प्रकरण न्यायालयांत गेलें, आणि हा मार्ग दीर्घकाल बंद पडला.

या कोड्याचा उलगडा १९०१ सालीं व्हिएन्ना येथें कार्ल लँडस्टायनर यांनीं केला. स्वतःच्या व सहकाऱ्यांच्या रक्तांतील तांबड्या पेशी व द्रवभाग निराळे करून त्यांनीं एकाचा द्रव दुसऱ्याच्या पेशींत मिसळला. कांहीं मिश्रणांत गुठळ्या झाल्या, कांहींत झाल्या नाहींत. त्यावरून रक्ताचे गट ठरले. ज्या पेशींवर ‘ए’ व ‘बी’ हीं दोन्ही द्रव्यें नाहींत, त्या गटास पुढें ‘ओ’ म्हणूं लागले, आणि त्याचें रक्त सर्वांस चालतें असा समज रूढ झाला.

या समजास मुंबईनें धक्का दिला. १९५२ सालीं डॉ. भेंडे व त्यांचे सहकारी यांनीं असें रक्त दाखवून दिलें कीं, जें नेहमींच्या परीक्षेंत ‘ओ’ भासतें, परंतु ज्याचा द्रव ‘ओ’ पेशींच्याहि गुठळ्या करतो. ‘ओ’ पेशींवर ‘एच्’ नामक द्रव्य असतें. येथें तेंहि नसतें. अशा मनुष्यास ‘ओ’ रक्त दिल्यास प्राणांवर बेततें. त्याला या ‘बॉम्बे’ गटाचाच दाता शोधावा लागतो.

असा अनोळखी दाता वेळेवर धांवून येतो, तेव्हां रक्ताचें नातें म्हणजे काय, याचा आम्हांस नव्यानें विचार करावा लागतो.