डोळ्यांच्या दवाखान्यात बीपी का मोजतात?

मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख ठरते, आपण रजा काढून अम्मींना घेऊन जातो आणि बीपी जास्त निघाला म्हणून परत यावं लागतं. "डोळ्याचा आणि बीपीचा काय संबंध?" असं आपण चिडून विचारतो. संबंध आहे.

डोळ्याच्या पडद्यातल्या रक्तवाहिन्या फार बारीक असतात. बीपी किंवा शुगर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली तर त्या खराब होतात, रक्तस्राव होऊन नजरही जाऊ शकते. बीपी खूप चढलेला असताना ऑपरेशन करणंही धोक्याचं. 180/110 च्या वर असेल तर डॉक्टर बहुधा ते पुढे ढकलतात.

बीपी मोजताना: अर्धा तास आधी चहा, विडी, तंबाखू नको. पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर. पट्टा उघड्या दंडावर बांधतात, म्हणून बुरख्याच्या आत सैल बाहीचा कुर्ता बरा. हात हृदयाच्या पातळीवर ठेवावा, बोलू नये. आकडा वारंवार 140/90 किंवा जास्त येत असेल तर डॉक्टरांना दाखवावे.

डोळ्याचा दाब वेगळा: तो साधारण 10 ते 21 असतो. बीपी नॉर्मल आहे म्हणून काचबिंदू नाही, असे समजू नये.

जाताना: सगळ्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत. बीपीची किंवा रक्त पातळ करणारी गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये. थेंब टाकल्यावर काही तास धूसर दिसते, तेव्हा गाडी चालवायला घरचं कोणीतरी बरोबर असावं.