कंसांतली बाराखडी

मंडळी, आपल्या पालीच्या परिसरात 'एक कोयता' म्हटलं की कुणी हत्यार शोधत नाही. ऊसतोडीला निघालेलं जोडपं, हे सगळ्यांना कळतं. 'उचल' म्हणजे मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम. एका कामापुरती घडलेली अशी आटोपशीर भाषा संगणकातही असते. ती घडवायची तर लिस्प फार सोयीची. का, ते इतिहासात पाहू.

१९५८ साली एमआयटीत जॉन मॅकार्थी यांनी लिस्पचं काम सुरू केलं. १९६० साली त्यांचा लेख छापून आला. त्यातलं 'इव्हॅल' स्टीव्ह रसेल यांनी आयबीएम ७०४ यंत्रावर उतरवलं. लिस्पमध्ये माहिती म्हणजे कंसातली यादी, आणि प्रोग्राम म्हणजेही कंसातली यादीच! त्यामुळे एक प्रोग्राम दुसरा प्रोग्राम रचू शकतो. मॅक्रो म्हणतात ते हेच.

पुढे १९८५ साली रिचर्ड स्टॉलमन यांचा जीएनयू ईमॅक्स आला. हा लेखन-संपादक बराचसा लिस्पमध्येच लिहिलेला, आणि कोड सर्वांना खुला. १९९७ च्या विसाव्या आवृत्तीत बहुभाषिक सोय आली, तीत हिंदी-मराठीसाठी देवनागरीही होती.

आता त्यातली 'इंड-युटिल' ही फाइल उघडा. काय दिसतं? बाराखडी! 'आ' आणि त्याचा काना एका कंसात, 'इ' आणि तिची वेलांटी दुसऱ्या कंसात. बंगाली, गुजराती यांच्या याद्या वेगळ्या. रोमन अक्षरांनी टंकायच्या खुणांची यादी आणखी वेगळी. लिपीची यादी आणि खुणांची यादी जोडायचं काम मात्र एकच फंक्शन करतं. कळ आणि अक्षर यांची जोडी थेट सांगायची असेल, तर त्यासाठी वेगळा मॅक्रो आहे.

पुस्तकातली उदाहरणं बहुधा परकी असतात. विषयही नवा, भाषाही नवी. पोरगं दोन्हीकडून अडकतं. इथे तसं होत नाही. क ला काना दिला की का होतो, हे आपल्याला पहिलीपासून पाठ आहे. उत्तर बरोबर आलं की चुकलं, ते डोळ्यांनाच दिसतं. शिकायची उरते फक्त लिस्प.

तेव्हा फाइलची एक प्रत काढा. रोमन खुणांच्या यादीत मोठ्या 'एल'साठी ळ ठरवलेला आहे. ती खूण बदला, ईमॅक्स नव्याने सुरू करून ही प्रत चालवा, आणि 'टोळी' लिहून बघा. ळ उमटला नाही, तर कंस मोजायला बसा. लिस्प तिथूनच यायला लागते.