एतबार : हात लावून पाहण्याचा इतिहास

संग्रहालय म्हटले की काचेचे कपाट आणि ‘हात लावू नये’ ही पाटी आठवते. लहान मुलांना तिथे नेले की आपला सगळा वेळ त्यांचे हात आवरण्यात जातो. विज्ञान केंद्रात मात्र नियम उलटा असतो. हात लावला नाही तर तिथे काहीच घडत नाही. हा उलटा नियम कुठून आला, हे पाहण्यासारखे आहे.

ऑस्कर फॉन मिलर या इंजिनिअरने १९०३ साली म्युनिक शहरात डॉइचेस म्युझियमची स्थापना केली. कळ दाबून, दांडा फिरवून यंत्र स्वतः चालवून पाहावे, ही त्याची कल्पना होती. लंडनच्या सायन्स म्युझियमने १९३१ साली खास मुलांसाठी दालन उघडले. पण कळ दाबणे म्हणजे प्रयोग करणे नव्हे. कळ दाबली, चाक फिरले, मूल पुढे पळाले, एवढ्यावर तालीम होत नाही.

पुढचे पाऊल टाकले ते फ्रँक ओपनहायमर यांनी. अणुबॉम्बशी ज्यांचे नाव जोडले जाते त्या रॉबर्ट ओपनहायमर यांचे हे धाकटे बंधू. जुन्या कम्युनिस्ट सदस्यत्वामुळे १९४९ साली त्यांना विद्यापीठातली नोकरी सोडावी लागली. हा भौतिकशास्त्रज्ञ कोलोरॅडोत गुरे पाळू लागला आणि पुढे तिथल्याच एका छोट्या गावातल्या शाळेत शिकवू लागला. नंतर पुन्हा विद्यापीठात जागा मिळाली, तेव्हा विद्यार्थ्यांनी आपापल्या वेळेने येऊन हाताळावेत असे प्रयोग त्यांनी मांडून ठेवले. १९६९ साली सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी ‘एक्स्प्लोरेटोरियम’ सुरू केले. तिथे परीक्षा नव्हती, म्हणून कोणी नापासही होत नव्हते. वर्गात शिकवणाऱ्या माणसालाच अशी जागा सुचावी, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

आपल्या देशात कोलकात्याच्या बिर्ला संग्रहालयाने १९६५ साली फिरते विज्ञान प्रदर्शन गावोगावी नेले. १९७८ साली राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद स्थापन झाली. मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रातले मुलांचे विज्ञान उद्यान १९७९ साली, म्हणजे आंतरराष्ट्रीय बालवर्षात, खुले झाले आणि पूर्ण केंद्राचे उद्घाटन १९८५ साली झाले. नागपूरचे रामन विज्ञान केंद्र १९९२ चे.

आता या इतिहासाचे एक जुने पान. बसऱ्यात जन्मलेले आणि कैरोत काम केलेले इब्न अल-हैसम यांनी अकराव्या शतकात ‘किताब अल-मनाझिर’ लिहिली. अंधाऱ्या खोलीच्या छिद्रासमोर त्यांनी अनेक दिवे ठेवले. प्रत्येक दिव्याचा उजेड भिंतीवर वेगळा पडला. एक दिवा झाकला की त्याचाच ठिपका गेला, बाकीचे तसेच राहिले. अशा पडताळणीसाठी त्यांनी शब्द वापरला ‘इतिबार’. तोच शब्द उर्दूत ‘एतबार’ झाला आणि मराठीत ‘इमानेइतबारे’मध्ये येऊन बसला. अरबीत ज्याचा अर्थ पारखून पाहणे, त्याचा आपल्या दोन्ही भाषांत अर्थ उरला फक्त विश्वास. पारखणे गळून गेले.

आपल्या जलशांत, शाळांच्या कार्यक्रमांत इब्न अल-हैसम यांचे नाव अभिमानाने घेतले जाते. टाळ्याही पडतात. पण टाळ्या वाजवणाऱ्या मुलांपैकी किती जणांनी छिद्रातून पडलेली उलटी प्रतिमा डोळ्यांनी पाहिली आहे? अनेक शाळांत प्रयोगशाळेला कुलूप असते आणि प्रयोग फळ्यावर होतात, मग माध्यम उर्दू असो की मराठी. विज्ञान केंद्राची सहल निघते तीही शिट्टी, रांग आणि ‘चला, चला’ यांतच संपते. नाव पूर्वजांचे आणि रीत पाठांतराची, हे जमणारे नाही.

म्हणून लहान मुलांना घेऊन जाल तेव्हा सगळे केंद्र पाहण्याचा हट्ट सोडा. चार वस्तू पुरेत. फलक आधी वाचून दाखवू नका. ‘आता काय होईल?’ एवढे विचारा, आणि मुलाने सांगितलेले चुकले तरी हसू नका. समोरासमोर उभ्या केलेल्या दोन मोठ्या थाळ्यांपैकी एकीपाशी मुलाला कुजबुजू द्या. दूरच्या थाळीपाशी तुम्ही कान द्या, मग जागा बदला. थाळी आवाज गोळा करून एका जागी आणते, हे त्याला समजावण्याआधी सापडू द्या. एकाच वस्तूपाशी ते पंधरा मिनिटे रमले तर त्याला ओढू नका. मुलींना ‘कपडे मळतील’ म्हणून मागे उभे करू नका.

आणि जाणे जमलेच नाही, तर बुटांचा खोका घ्या. एका बाजूला टाचणीने भोक पाडा, समोरची बाजू कापून तिथे पातळ ट्रेसिंग पेपर लावा. डोक्यावर चादर घेऊन भोक उजेडाच्या खिडकीकडे धरा. खिडकी उलटी दिसेल. का, ते मुलाला लगेच सांगू नका. एतबाराची सुरुवात तिथूनच होते.