शिलालेखांचे ठसे आणि त्यांची तालिका

ग्रंथालयात जे छापलेले व बांधलेले असते त्याची नोंद करण्याचे शास्त्र आता बरेच स्थिर झाले आहे. कर्ता, शीर्षक, आवृत्ती, प्रकाशनवर्ष ही अंगे हाताशी असली की तालिकाकाराचे अर्धे काम झाले. परंतु ज्यास कर्ता नाही, शीर्षक नाही आणि मुखपृष्ठही नाही, असे नकाशे, नाणी, चित्रे, ध्वनिमुद्रिका व शिलालेखांचे ठसे असे साहित्य ग्रंथालयात आले म्हणजे हे शास्त्र अडखळते. अशा साहित्यास सामान्यतः ‘पूरक’ म्हटले जाते. ग्रंथ हा मुख्य आणि बाकीचे त्याचे उपांग, ही समजूत या एका शब्दात साठवलेली आहे. शिलालेखांच्या ठशांच्या इतिहासावरून ही समजूत तपासून पाहणे, आणि तिचा मराठी भाषेच्या इतिहासाशी कोणता संबंध पोहोचतो हे दाखविणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या इतिहासाची भूमी म्हैसूर ही होय. टिपूच्या पाडावानंतर, म्हणजे १७९९ नंतर, कर्नल कॉलिन मॅकेन्झी याने म्हैसूर राज्याची मोजणी हाती घेतली आणि तिच्या जोडीने हस्तलिखिते, नाणी, चित्रे व शिलालेखांच्या नकला यांचा प्रचंड संग्रह केला. कावली बंधूंसारखे त्याचे एतद्देशीय साहाय्यक गावोगाव हिंडून हे साहित्य मिळवीत. १८२१ साली मॅकेन्झी निवर्तला. त्याच्या संग्रहाची वर्णनात्मक सूची एच. एच. विल्सन याने १८२८ मध्ये कलकत्त्यास प्रसिद्ध केली. या सूचीचे शीर्षकच बोलके आहे. त्यात पौर्वात्य हस्तलिखितांचा उल्लेख प्रथम येतो, आणि उरलेल्या सगळ्याची बोळवण ‘इतर वस्तू’ या दोन शब्दांत होते. पुढे हा संग्रह लंडन, कलकत्ता व मद्रास या तीन ठिकाणी वाटला गेला. एका मनुष्याने एका दृष्टीने जमविलेले साहित्य याप्रमाणे विखुरले आणि त्याच्या अंगांचा परस्परसंबंध शोधणे हे पुढच्या अभ्यासकांचे निराळेच काम होऊन बसले.

मॅकेन्झीच्या काळी शिलालेखाची नक्कल डोळ्यांनी पाहून हाताने केली जाई. नक्कल करणाऱ्यास जे अक्षर कळले ते तो उतरी. जे कळले नाही ते तो अजाणता सुधारी. ठशाने ही अडचण पुष्कळशी दूर केली. ठसा घेण्याची रीत साधी असली तरी कष्टाची आहे. दगड पाण्याने व ब्रशाने स्वच्छ करावयाचा, ओला कागद त्यावर पसरावयाचा आणि ब्रशाने ठोकून तो अक्षरांच्या खाचांत बसवावयाचा. मग शाईची गादी वरून हलक्या हाताने फिरवावयाची. उंचवट्यावर शाई लागते, खाच कोरी राहते आणि काळ्या पार्श्वभूमीवर पांढरे अक्षर उमटते. कागद वाळला की तो सोलून घ्यावयाचा. लेखाचा आकार, अक्षराचे वळण, ओळींतील अंतर, दगडाची भेग हे सारे मूळ मापाने त्यात उतरते. ठसा म्हणजे दगडाचे वाचन नव्हे. ती दगडाची साक्ष होय. वाचन बदलते, साक्ष बदलत नाही.

अशा साक्षींचे ढीग जमू लागले तेव्हा त्यांची नोंद कशी करावी हा प्रश्न उभा राहिला आणि दक्षिणेत त्याला दोन निरनिराळी उत्तरे मिळाली. म्हैसूर संस्थानात बी. लुईस राइस याने १८८६ ते १९०४ या काळात ‘एपिग्राफिया कर्नाटिका’चे १२ खंड काढून सुमारे ९,००० लेख प्रसिद्ध केले. त्याची मांडणी स्थळानुसार होती: जिल्हा, त्यात तालुका आणि तालुक्याच्या नावाखाली लेखाचा क्रमांक. दुसरीकडे, मद्रास सरकारच्या सेवेत १८८६ मध्ये आलेल्या ई. हुल्ट्श यांच्यापासून जी वार्षिक वृत्तांतांची परंपरा चालू झाली, तिने ज्या वर्षी लेखाचा ठसा घेतला ते वर्ष आणि त्या वर्षातील अनुक्रम यांवर नोंद बांधली. ताम्रपट एका परिशिष्टात, शिलालेख दुसऱ्यात. आणि प्रत्येक नोंदीपुढे स्थळ, राजवंश, राजा, काल, भाषा व लिपी आणि शेवटी आशय.

या दोन पद्धतींचे गुणदोष एकमेकींस पूरक आहेत. म्हैसूरहून नंजनगूडकडे जाताना वाटेत कडकोळ लागते. अशा गावच्या रहिवाशास आपल्या परिसरात कोणते लेख आहेत हे पाहावयाचे झाल्यास राइसची मांडणी त्याच्या उपयोगी पडते. दुसऱ्या पद्धतीत त्याला अनेक वर्षांचे वृत्तांत चाळावे लागतील. उलट, वर्षावर आधारलेला क्रमांक एकदा पडला की तो ढळत नाही. स्थळानुसार दिलेला क्रमांक मात्र नवे लेख सापडताच डळमळतो. श्रवणबेळगोळच्या खंडाचे उदाहरण घ्यावे. राइसच्या १८८९ च्या आवृत्तीत तेथील १४४ लेख होते, आर. नरसिंहाचार यांनी १९२३ मध्ये जी सुधारलेली आवृत्ती काढली तीत ते ५०० झाले आणि जुने क्रमांक बदलले. पूर्वीच्या ग्रंथातील क्रमांक घेऊन नव्या आवृत्तीकडे जाणारा वाचक भलत्याच लेखापाशी पोहोचण्याचा संभव तेव्हापासून निर्माण झाला. जुन्या व नव्या क्रमांकांचा मेळ घालणारे कोष्टक ही तालिकाकाराची हौस नव्हे, तो त्याचा धर्म होय, हे यावरून ध्यानात येईल.

श्रवणबेळगोळचाच विचार आपणांस मराठीकडे आणतो. गोमटेश्वराच्या पायांशी एका बाजूस कन्नड व तमिळ, आणि दुसऱ्या बाजूस नागरी लिपीत मराठी लेख आहेत. चावुंडराजाने मूर्ती करविली असे तिन्ही भाषांत सांगितले आहे. आणि मूर्तीभोवतीचा परिकोट गंगराजाने करविला हे मराठीतही नोंदलेले आहे. चावुंडराज हा गंग राजा राचमल्ल याचा मंत्री, दहाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. गंगराज हा होयसळ विष्णुवर्धनाचा सेनापती, बाराव्या शतकाच्या आरंभीचा. लेखात काल दिलेला नाही. दोन ओळींत दोन व्यक्ती आणि त्यांच्यामध्ये सव्वाशे-दीडशे वर्षांचे अंतर आहे. पहिली ओळ चावुंडराजाच्या हयातीत कोरली गेली, की दोन्ही ओळी गंगराजाच्या काळी एकदमच कोरल्या गेल्या? पहिला पक्ष धरला तर मराठीचा हा कोरीव पुरावा इ. स. ९८३ च्या सुमारास जातो. दुसरा धरला तर तो सुमारे १११७ पर्यंत खाली येतो आणि शं. गो. तुळपुळे यांनी शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२, असा वाचलेला आक्षीचा लेख त्याच्या पुढे जातो.

या वादात छापील पाठ काय साहाय्य करू शकतो? जवळजवळ काहीच नाही. छापखान्याच्या खिळ्यांत दोन्ही ओळी सारख्याच दिसतात. दोन्ही ओळींतील अक्षरवळण एका हाताचे आहे की नाही, मात्रांची व अनुस्वारांची ठेवण एका शतकाची आहे की दोन शतकांची, हे मूळ दगड सांगेल किंवा त्याचा ठसा सांगेल. ज्याला आपण ‘पूरक’ म्हणतो तेच येथे प्रमाण ठरते, आणि ज्याला मुख्य म्हणतो तो छापील पाठ त्याचा आश्रित ठरतो.

केंद्रीय पुरातत्त्व खात्याची पुराभिलेख शाखा १९६६ मध्ये उटकमंडहून म्हैसूरला आली आणि ठशांचा फार मोठा साठा तेथे एकत्र झाला. २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुरै खंडपीठाने तमिळ लेखांचे ठसे चेन्नईस हलविण्याचा आदेश दिला. आपल्या भाषेची साक्ष आपल्या अभ्यासकांच्या हाताशी असावी, या इच्छेत गैर काही नाही. मराठी अभ्यासकासही ती वाटेल. परंतु श्रवणबेळगोळचे लेख भाषेनुसार वाटावयाचे म्हटले तर एका मूर्तीच्या पायांशी असलेले एकच विधान तीन गावी जाईल. महाराष्ट्रातील कित्येक मध्ययुगीन शिलालेख फारसी व मराठी अशा दोन भाषांत आहेत. फारसी-अरबी लेखांची शाखा नागपुरास आणि संस्कृत व द्राविडी लेखांची म्हैसुरास आहे. दगड एक, साक्ष एक, आणि कपाटे दोन! मॅकेन्झीच्या संग्रहाचे जे झाले ते येथेही घडू शकते.

ते टाळण्याचा उपाय ठसा कोठे ठेवावा यात नसून त्याची नोंद कशी करावी यात आहे. ठसा एका जागीच राहू शकतो. नोंद अनेक जागी असू शकते. प्रत्येक दगडास एक स्थिर क्रमांक असावा. त्याखाली त्याचे सर्व ठसे, त्यांची वर्षे व स्थिती, त्यावरील प्रत्येक भाषेचा लेख, छापील पाठ आणि जुने सर्व क्रमांक एकत्र यावेत. आणि स्थळ, भाषा, राजा, काल यांपैकी कोणत्याही वाटेने आलेला वाचक त्या एकाच नोंदीपाशी पोहोचावा. १९६७ च्या अँग्लो-अमेरिकन तालिका-संहितेने ग्रंथेतर साहित्यास स्वतंत्र भाग दिला, ही प्रगतीच होय. तथापि पुढे १९७८ च्या संहितेतही ग्रंथासोबत आलेली वस्तू वर्णनाच्या शेवटी अधिक चिन्ह घालून जोडण्याची रीत राहिली. नकाशासहित प्रवासवर्णनास ती पुरते, शिलालेखास पुरत नाही. तेथे अधिक चिन्हाच्या पुढे ठसा नव्हे, ग्रंथच लिहावयास हवा.

कागद जीर्ण होतो, घडीवर फाटतो. आता या ठशांची छायाचित्रे संगणकावर येत आहेत हे इष्टच आहे. पण नोंद जर अपुरी राहिली तर लक्षावधी छायाचित्रे ही अंधारातील लक्षावधी कागदांहून फारशी निराळी ठरणार नाहीत. मराठीचे वय किती, हा प्रश्न अभिमानाने सुटणारा नाही. तो सुटेल तो दोन ओळींच्या अक्षरवळणाकडे शांतपणे पाहणाऱ्या वाचकाकडून. आणि त्या वाचकाच्या हाती योग्य ठसा ठेवण्याचे काम, ज्याचे नाव कोणत्याही मुखपृष्ठावर येत नाही, त्या तालिकाकाराचे आहे.