काठी, साखळी आणि सातबारा: सातारा-सांगलीच्या जमिनीची मापे

१/ जमीन तीच, बांधही तेच. परंतु मोजणारी काठी आखूड झाली, तर कागदावरचे क्षेत्र वाढते आणि त्यासोबत साराही. म्हणूनच मोजमाप हा रयतेच्या पोटाचा प्रश्न होता. सातारा-सांगली परिसरातील जमिनीच्या मापांचा हा प्रवास.

२/ हात आणि मूठ ही मापे माणसाच्या शरीरावरून आली. मात्र मोजणारा बदलला की हातही बदलतो. सभासद बखरीनुसार शिवकाळात काठीची लांबी ठरवून देण्यात आली: पाच हात व पाच मुठी, म्हणजे एकूण ८२ तसू. त्यातील प्रत्येक हात १४ तसूंचा.

३/ अशा २० काठ्या लांब व २० काठ्या रुंद क्षेत्र म्हणजे एक बिघा. १२० बिघ्यांचा एक चावर.

४/ ही काठी अवघ्या ४ तसूंनी आखूड केली तर? लांबीतला फरक केवळ पाच टक्क्यांचा. पण त्या काठीने मोजता १०० बिघ्यांची जमीन सुमारे ११० बिघे भरते. सारा बिघ्यावर ठरत असेल, तर नसलेल्या दहा बिघ्यांचा बोजा शेतकऱ्याच्या माथी येतो.

५/ १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य खालसा झाले. पटवर्धनांचे सांगली संस्थान मात्र टिकून राहिले. मुंबई इलाख्याच्या मोजणीत काठीची जागा ३३ फुटी साखळीने घेतली. ही लांबी इंग्लंडमधील ६६ फुटी गुंटर साखळीच्या निम्मी. पण तिचे भाग केले सोळा आणे, म्हणजे इथल्या रुपयाच्या हिशोबाने!

६/ ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद, म्हणजेच १,०८९ चौरस फूट क्षेत्र हा एक गुंठा. ४० गुंठ्यांचा एक एकर.

७/ स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला. १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. दरम्यान, १९५६ च्या कायद्याने देशाने दशमान पद्धत स्वीकारली. पुढे सातबाऱ्यावर हेक्टर व आर आले.

८/ बोलण्यात मात्र गुंठाच राहिला. एक गुंठा म्हणजे १.०१ आर, फरक नगण्य भासतो. परंतु ४० आर म्हणजेच एकर असे समजून व्यवहार केला, तर सुमारे ५०० चौरस फूट, म्हणजे जवळजवळ अर्धा गुंठा हातचा जातो. काठी गेली, साखळी गेली. माप नीट पारखण्याची गरज मात्र आजही तितकीच आहे.