श्रवणापासून सहभागाकडे : बालकांसाठीच्या संगीतोपचाराची ऐतिहासिक वाटचाल

प्रस्तावना

संगीताचा मनावर परिणाम होतो, हे सिद्ध करण्यासाठी शास्त्राची आवश्यकता नाही. अंगाई गाणाऱ्या प्रत्येक मातेला ते अनुभवाने ठाऊक असते. परंतु परिणाम होणे आणि उपचार होणे या दोन गोष्टी एक नव्हेत. आज ‘संगीतोपचार’ ही संज्ञा ध्वनिमुद्रिकांच्या विक्रीपासून विशेष शाळांतील तालवाद्यांच्या तासापर्यंत सर्वत्र सैलपणे वापरली जाते. विकासात अडथळे असलेल्या मुलांचे पालक या शब्दाकडे मोठ्या आशेने पाहतात. त्यामुळे त्यांना नेमके कोणते आश्वासन दिले जाते, हा प्रश्न केवळ परिभाषेचा राहत नाही. प्रस्तुत निबंधात विसाव्या शतकात या क्षेत्राची जडणघडण कशी झाली, त्यात बालकाचे स्थान कसे बदलले आणि त्याच्या लाभांविषयी आज काय म्हणता येते, याचा विचार केला आहे.

पूर्वपीठिका

आधुनिक संगीतोपचाराला व्यवसायाचे रूप आले ते दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास आणि मुख्यतः प्रौढांसाठी. अमेरिकेतील रुग्णालयांत जखमी व मनाने खचलेल्या सैनिकांसाठी संगीतकारांना पाचारण केले जाई. केवळ उत्तम गाता-वाजविता येणे या कामाला पुरेसे नाही, हे लवकरच ध्यानात आले. या जाणिवेतून १९४४ मध्ये मिशिगन स्टेट येथे आणि १९४६ मध्ये कॅन्सस विद्यापीठात संगीतोपचाराचे शिक्षण सुरू झाले. कॅन्ससमधील कार्याचे नेतृत्व ई. थेअर गॅस्टन यांच्याकडे होते. १९५० मध्ये या व्यावसायिकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली.

याच काळात बालमानसशास्त्रातही एक महत्त्वाची घटना घडली. १९४३ मध्ये लिओ कॅनर यांनी स्वमग्न मुलांचे पहिले सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. शब्दांना प्रतिसाद न देणाऱ्या किंवा माणसांपासून अलिप्त राहणाऱ्या या मुलांपर्यंत पोहोचावे कसे, हा प्रश्न शिक्षक व वैद्यक या दोघांपुढेही उभा राहिला. बालकांच्या संगीतोपचाराचा उदय या प्रश्नाशी निगडित आहे.

ज्युलिएट आल्व्हिन यांचे कार्य

पाब्लो कासाल्स यांच्या शिष्या असलेल्या फ्रेंच चेलोवादक ज्युलिएट आल्व्हिन (१८९७–१९८२) यांनी इंग्लंडमध्ये या क्षेत्राचा पाया घातला. १९५८ मध्ये त्यांनी संगीतोपचाराची संस्था स्थापन केली व १९६८ मध्ये लंडनच्या गिल्डहॉल संगीतशाळेत प्रशिक्षणक्रम सुरू केला. अपंग मुलांसाठीच्या संगीतावरील त्यांचा ग्रंथ १९६५ मध्ये, तर स्वमग्न मुलांवरील ग्रंथ १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. आल्व्हिन यांच्या दृष्टीने वाद्य हा मूल आणि उपचारक यांच्यामधील दुवा होता. माणसाचा थेट स्पर्श वा नजर सहन न होणारे मूल लाकडी वाद्याला हात लावू शकते. त्या वाद्यापलीकडे माणूस आहे, ही जाणीव पुढे हळूहळू येते.

नॉर्डॉफ आणि रॉबिन्स

या इतिहासातील निर्णायक वळण इंग्लंडमधील सनफील्ड या विशेष मुलांच्या निवासी संस्थेत आले. अमेरिकन संगीतरचनाकार व पियानोवादक पॉल नॉर्डॉफ (१९०९–१९७७) आणि तेथील शिक्षक क्लाइव्ह रॉबिन्स (१९२७–२०११) यांनी १९५९ मध्ये एकत्रितपणे काम सुरू केले. त्यांची पद्धती वरकरणी साधी होती. नॉर्डॉफ पियानोवर बसत. रॉबिन्स मुलाच्या शेजारी राहून त्याला ढोल किंवा झांज वाजविण्यास साहाय्य करीत. आधी ठरविलेली रचना मुलाकडून वाजवून घेणे हा हेतू नव्हता. मूल जे करील, त्यातूनच संगीत घडविले जाई. ढोलावरील विस्कळीत आघातांची लय पियानो उचलून धरी. मूल रडू लागले, तर त्या रडण्याची स्वरपट्टी ओळखून त्याभोवती सुरावट उभी केली जाई. आपल्या आवाजाला जगाकडून उत्तर येते, हा अनुभव त्या मुलाला बहुधा प्रथमच मिळे.

प्रत्येक मुलामध्ये, त्याचे व्यंग कितीही तीव्र असले तरी, संगीताला प्रतिसाद देणारा एक अक्षत अंश असतो, अशी या दोघांची धारणा होती. त्याला त्यांनी ‘संगीत-बालक’ असे नाव दिले. ही धारणा तत्त्वज्ञानाच्या अंगाने जाणारी असली, तरी त्यांची कार्यपद्धती काटेकोर होती. प्रत्येक सत्राचे ध्वनिमुद्रण करून ते पुन्हा पुन्हा ऐकले जाई. मुलाचा उपचारकाशी असलेला संबंध आणि त्याची सांगीतिक संवादक्षमता मोजण्यासाठी श्रेणी तयार करण्यात आल्या. १९७१ व १९७७ मधील ग्रंथांतून या पद्धतीची मांडणी झाली. जर्मनीत गर्ट्रूड ओर्फ यांनीही कार्ल ओर्फ यांच्या संगीतशिक्षणातील साधी तालवाद्ये, हालचाल व बोल यांचा उपयोग करून १९७० च्या दशकात म्युनिक येथे विकासात मागे पडलेल्या मुलांसाठी स्वतंत्र पद्धती विकसित केली.

या तिन्ही परंपरांत एक समान सूत्र आहे. मूल हे संगीताचे ‘सेवन’ करणारा रुग्ण नसून संगीतनिर्मितीतील भागीदार आहे.

‘मोझार्ट परिणामा’चा भ्रम

हे सूत्र लोकमानसात रुजण्याऐवजी त्याच्या नेमकी उलट कल्पना रुजली. १९९३ मध्ये रौशर, शॉ व काय यांनी ‘नेचर’मध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. मोझार्टची रचना दहा मिनिटे ऐकल्यावर ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची अवकाशविषयक चाचणीतील कामगिरी तात्पुरती उंचावली होती. हा परिणाम १० ते १५ मिनिटांपुरताच टिकला आणि त्यात एकही बालक नव्हते. तरीही १९९८ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात अर्भकासाठी अभिजात संगीताची ध्वनिमुद्रिका देण्याचा प्रस्ताव मांडून त्यासाठी १,०५,००० डॉलरची मागणी केली. पुढील संशोधनात या परिणामाचे स्वतंत्र अस्तित्व टिकले नाही; उल्हसित व सजग मनःस्थिती हेच त्याचे अधिक संभाव्य कारण ठरले.

याउलट, प्रत्यक्ष संगीतशिक्षणाविषयी ग्लेन शेलेनबर्ग यांचा २००४ मधील अभ्यास उल्लेखनीय आहे. सहा वर्षांच्या १४४ मुलांपैकी वर्षभर संगीत शिकलेल्यांच्या बुद्ध्यंकातील वाढ इतरांपेक्षा सुमारे पावणेतीन गुणांनी अधिक होती. मात्र सामाजिक वर्तनातील सुधारणा नाट्यशिक्षण घेतलेल्या गटात आढळली, संगीताच्या गटात नव्हे. लाभ आहे, पण तो माफक आणि विशिष्ट आहे.

पुराव्याची कसोटी

संगीतोपचाराचीही अशीच परीक्षा झाली. २०१७ मध्ये नऊ देशांतील ४ ते ६ वर्षे वयाच्या ३६४ स्वमग्न मुलांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नेहमीच्या सेवांना उत्स्फूर्त संगीतोपचाराची जोड देऊनही पाच महिन्यांनंतर स्वमग्नतेच्या सामाजिक लक्षणांत लक्षणीय फरक आढळला नाही. २०२२ मधील कॉक्रेन समीक्षेने २६ अभ्यास व १,१६५ व्यक्ती विचारात घेतल्या. एकंदर सुधारणेची शक्यता संगीतोपचाराने वाढते आणि लक्षणांची एकूण तीव्रता व जीवनमान यांवर अनुकूल परिणाम संभवतो, असा तिचा निष्कर्ष आहे. परंतु सामाजिक आंतरक्रिया व संभाषण यांबाबत उपचार संपताना स्पष्ट फरक दिसला नाही.

हे निष्कर्ष निराशाजनक मानण्याचे कारण नाही. मुलाने ढोलावर दिलेले उत्तर खरेच असते. मात्र ते उत्तर वर्गात, घरात व रस्त्यावरही आपोआप उमटेल, असे गृहीत धरता येत नाही.

महाराष्ट्राच्या संदर्भात

भारतात संगीतोपचाराची प्राचीनता सांगताना तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव दरबारी रचलेल्या ‘संगीतरत्नाकरा’चा दाखला दिला जातो. शार्ङ्गदेवाने त्यात गर्भाची वाढ व शरीररचना यांचे विवेचन केले आहे, हे खरे; पण ते नादाची उत्पत्ती समजावण्यासाठी आहे. त्याला रोगोपचाराची संहिता मानणे ग्रंथाला न्याय देणारे नाही. अधिक जवळचा वारसा बालशिक्षणाचा आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे सुरू केलेल्या ग्रामबालशिक्षा केंद्राच्या परंपरेत गाणे, ताल व अभिनय हे शिक्षणाचेच अंग होते. तो उपचार नव्हता. तथापि मुलाच्या कृतीला आरंभबिंदू मानण्याची दृष्टी त्यातही होती.

निष्कर्ष

संगीतशिक्षण, संगीतसहवास व संगीतोपचार यांची उद्दिष्टे आणि त्यांसाठी लागणारे प्रशिक्षण वेगवेगळे आहे. अभ्यासक्रम आखताना महाविद्यालयांनी हा भेद पाळणे आवश्यक आहे. ध्वनिमुद्रित संगीत ऐकविल्याने बुद्धी वाढते, या दाव्याला आधार नाही. संगीतोपचार हा वाचोपचार, विशेष शिक्षण वा वैद्यकीय उपचार यांचा पर्याय नसून त्यांना पूरक ठरू शकतो, आणि पालकांना हे आरंभीच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. या इतिहासाचा खरा ठेवा एखाद्या रागाच्या वा रचनेच्या गुणधर्मात नाही. मुलाचा वेडावाकडा आघातही ऐकण्याजोगा आहे, असे मानून त्याला साथ देण्याच्या वृत्तीत आहे.