एक नया पैसा

आमच्या आयेला अक्षरओळख नव्हती. कागदावर अंगठा उठवायची. तरी गणितातली माझी पहिली गुरू तीच. शाळा पुढं सातव्या वर्षी आली. त्याआधी पडवीत भाताची रास होती आणि राशीपाशी मापं होती.

पोलादपूरच्या वर, डोंगराच्या कुशीत आमची वाडी. वडील मुंबईला गिरणीत. महाड-पोलादपूर भागात तेव्हा कितीतरी घरांची हीच तऱ्हा होती. बाप्या माणूस मुंबईला, शेत आणि पोरं बायांच्या जिवावर. जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा. रायगड झालं ते १९८१ साली.

भात झोडून, वारा देऊन झालं की आये मापायला बसायची. पहिल्या मापाला ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं. लाभ, दोन, तीन... मी शेजारी बसून दर पायलीला एक चिंचोका बाजूला टाकायचो. मध्येच ती विचारायची, “किती झालं रं?” तिची तोंडची मोजणी आणि माझे चिंचोके जुळले पाहिजेत. नाही जुळले तर रास पुन्हा मापायची, आणि ते काम माझ्या गळ्यात.

पावसाळ्यात हाताला काम नसलं की ती नाचणीचं सूप आणि छोटी मापं पुढं ठेवायची. दोन निळवी म्हणजे एक कोळवं, दोन कोळवी म्हणजे चिपटं, दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, दोन शेर म्हणजे अधोली, दोन अधोल्या म्हणजे पायली. सगळा हिशेब दुपटीचा. “चिपट्यानं पायली भर,” म्हणायची. ओतत बसलो की सोळाव्या चिपट्याला पायली भरायची. निळव्यानं भरली तर चौसष्टाव्याला.

रुपयाचाही हिशेब तोच होता. सोळा आणे, चौसष्ट पैसे. आये म्हणायची, “रुपया म्हंजे पायली, आणा म्हंजे चिपटं, पैसा म्हंजे निळवं.” एवढ्यावर ती बाजार करायची. दिवेलागणीला आजा ओटीवर पावकी, निमकी, सवाईकी म्हणायचा. चुलीपुढं भाकरी थापता थापता ऐकून ती आयेलाही येत होती, हे मला फार उशिरा कळलं.

१ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नये पैसे झाले. शाळेत फळ्यावर तक्ता लागला: एक आणा ६, दोन आणे १२, तीन आणे १९, चार आणे २५. मी तो पाठ करून घरी घडाघडा म्हणून दाखवला. आये भाकरी थापायची थांबली.

“दोन आण्याचं बारा. मंग चार आण्याचं चोवीस व्हाया पायजेत. त्यो येक पैसा आला कुठनं?”

मला उत्तर येत नव्हतं. मी म्हणालो, “तुला काय कळतंय? मास्तरांनी सांगितलंय.”

ती काही बोलली नाही. पुढं एकदा दुकानात तिनं पावली दिली, दोन आण्यांचं घासलेट घेतलं. दुकानदारानं बारा नये पैसे परत केले. म्हणजे त्यानं तेरा घेतले. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी खाली मान घातली. त्यानंतर तिनं मला हिशेब कधी विचारला नाही. “तुझ्या शाळंचं तू बघ,” एवढंच म्हणायची.

मग किलो आणि लिटर आले. १९५६ चा वजनमापांचा कायदा १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं लागू झाला. तो हवाच होता. गावागणिक पायली वेगळी, देण्याची वेगळी, घेण्याची वेगळी. मापात पाप होतंच. पण आमची पायली माळ्यावर गेली, आणि आयेची शाळाही तिच्याबरोबर गेली.

पुढं महाडला हायस्कुलात दशांश शिकताना एकदा सहज शंभराला सोळानं भागलं. उत्तर ६.२५. सव्वासहा! सव्वासहा दुणे साडेबारा, साडेबारा दुणे पंचवीस, पन्नास, शंभर. आयेच्या मापांसारखीच दुपटीची उतरंड. पाव आणि अर्ध्या पैशाचं नाणंच नव्हतं, म्हणून तक्त्यात सहा आणि बारा लिहिले होते. तिचा एक पैसा त्या पावा-अर्ध्यात हरवला होता.

सुट्टीत घरी गेल्यावर तिला सांगितलं. ती तांदूळ पाखडत होती. मनाशी सवाईकी पुटपुटली आणि म्हणाली, “सव्वासहा व्हय? मंग तवाच सांगायचं की.” आणि परत पाखडू लागली. मला मात्र तिथून उठवेना.

आता मे महिन्यात नात येते. पायली आणि चिपटं मी माळ्यावरून खाली काढतो, सुपात तांदूळ ओतून देतो. अर्धं सांडते, पुन्हा भरते. परवा तिनं विचारलं, “आजोबा, पहिल्याला लाभ का म्हणायचं?” मला जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं. उरलेलं तिच्या आईला विचार म्हणालो, आणि तिच्या आईलाही सुपाजवळ बोलावून घेतलं.